ॲड्रेसेबल एलईडी पट्टी: पहिल्या प्रकल्पापूर्वी आणि प्रकल्प अडल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीचे मखर, आकाशकंदील किंवा विज्ञान प्रदर्शनातील प्रतिकृती यांसाठी ॲड्रेसेबल एलईडी पट्टी पहिल्यांदाच हाताळणाऱ्यांनी विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. वेगळा उल्लेख नसेल तेथे पट्टी ५ व्होल्टची, डब्ल्यूएस२८१२बी (हे एलईडीतील चिपचे नाव) प्रकारची, आणि तिला सूचना देणारा छोटा प्रोग्रामेबल बोर्ड आर्डुइनो उनो आहे असे धरावे. मदत मागणाऱ्यांपैकी बहुतेकांनी प्रोग्राम तीन-चार वेळा बदलून पाहिलेला असतो, पण पट्टीपर्यंत किती व्होल्ट पोहोचतात हे एकदाही मोजलेले नसते. त्यामुळे विजेविषयीची उत्तरे मुद्दाम सविस्तर लिहिली आहेत.

१. साधी रंगीत एलईडी पट्टी आणि ॲड्रेसेबल पट्टी यांत नेमका फरक काय?

साध्या आरजीबी पट्टीला चार तारा असतात, आणि लाल, हिरव्या व निळ्या तारेतून जेवढी वीज जाईल त्यानुसार संपूर्ण पट्टी एकाच रंगात उजळते. ॲड्रेसेबल पट्टीत प्रत्येक एलईडीच्या ५ × ५ मिलिमीटरच्या डबीतच एक सूक्ष्म नियंत्रक चिप बसवलेली असते, त्यामुळे प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रंग देता येतो. बोर्डाकडून येणारी माहिती एकाच तारेतून ओळीने येते. पहिली चिप त्यातील पहिले २४ बिट स्वतःसाठी ठेवते आणि उरलेले पुढच्या चिपकडे पाठवते. प्रसादाची परात रांगेतून पुढे सरकावी आणि प्रत्येकाने आपला एकेक पेढा काढून घ्यावा, तसा हा प्रकार आहे.

या अर्थाने ‘ॲड्रेसेबल’ हे नाव थोडे फसवे आहे, कारण कोणत्याही एलईडीला कायमचा क्रमांक दिलेला नसतो; रांगेतील जागा हाच त्याचा पत्ता. ही एक गोष्ट नीट समजली की पट्टी कापणे, जोडणे आणि दुरुस्त करणे (प्रश्न ११ आणि १२) सोपे होते.

२. दुकानदार डब्ल्यूएस२८११, २८१२बी, २८१५, एसके६८१२ अशी नावे सांगतात. पहिल्यांदा कोणती घ्यावी?

पहिल्या प्रकल्पासाठी ५ व्होल्टची डब्ल्यूएस२८१२बी घ्यावी. आर्डुइनोही ५ व्होल्टवर चालतो, लायब्ररींमधील (पट्टी चालवण्यासाठी तयार मिळणाऱ्या प्रोग्रामच्या संचांमधील) उदाहरणे याच चिपला धरून लिहिलेली असतात आणि अडचण आल्यास मदत लवकर मिळते. ‘निओपिक्सेल’ हे ॲडाफ्रूट कंपनीने याच जातीच्या एलईडींना दिलेले व्यापारी नाव आहे. ती निराळी चिप नव्हे.

डब्ल्यूएस२८११ ची १२ व्होल्टची पट्टी स्वस्त वाटते, परंतु तीत बहुधा एक चिप तीन एलईडींना मिळून सांभाळते, म्हणजे तीन दिव्यांचा एकच पिक्सेल होतो. डब्ल्यूएस२८१५ देखील १२ व्होल्टचीच आहे, पण तिचा प्रत्येक एलईडी स्वतंत्र असतो आणि माहितीसाठी एक जादा राखीव तार असते, त्यामुळे लांब सजावटीसाठी ती उत्तम. एसके६८१२ मध्ये लाल, हिरव्या व निळ्यासोबत खरा पांढरा दिवा असलेला प्रकार मिळतो. त्या प्रकाराला प्रत्येक एलईडीमागे २४ ऐवजी ३२ बिट लागतात आणि प्रोग्राममध्ये तसे सांगावे लागते.

३. मीटरला ३०, ६० की १४४ एलईडी?

कागदी किंवा कापडी कंदिलाच्या आत ३० पुरतात, कारण कागद प्रकाश पसरवतो. पट्टी थेट डोळ्यांसमोर येणार असेल तर ६० घ्यावेत. १४४ ची पट्टी दिसते सुरेख, पण पूर्ण पांढऱ्या प्रकाशाला ती मीटरमागे साडेआठ अँपिअरहून अधिक वीज मागू शकते. नवशिक्याने तिच्यापासून सुरुवात करू नये.

४. माझ्या पट्टीला किती अँपिअरचा वीजपुरवठा लागेल?

एका एलईडीत लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असतात आणि प्रत्येक दिवा पूर्ण तेजाला सुमारे २० मिलिअँपिअर घेतो. पांढरा रंग म्हणजे तिन्ही दिवे एकदम, म्हणून एका एलईडीला ६० मिलिअँपिअर धरावेत. ६० एलईडींच्या एका मीटरला ३.६ अँपिअर लागतात, तर ५ मीटरच्या अख्ख्या रिळाला, म्हणजे ३०० एलईडींना, १८ अँपिअर, म्हणजेच ९० वॉट. काही नव्या आवृत्त्यांत प्रत्येक रंगाला सुमारे १२ मिलिअँपिअरच लागतात, पण आपल्या हाती आलेली पट्टी कोणत्या आवृत्तीची आहे हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून हिशेब ६० नेच करावा आणि वर किमान २० टक्के मोकळीक ठेवावी. ३.६ अँपिअरच्या पट्टीला ५ अँपिअरचा एसएमपीएस (घरातील २३० व्होल्टचे ५ व्होल्ट करून देणारी वीजपुरवठ्याची पेटी) योग्य ठरतो. पुरवठ्याची क्षमता जास्त असल्याने पट्टीचे नुकसान होत नाही, कारण पट्टी आपल्याला हवी तेवढीच वीज घेते. व्होल्ट मात्र बरोबर ५ च हवेत.

प्रत्यक्षात सगळे एलईडी पूर्ण पांढरे क्वचितच ठेवले जातात, आणि एकाच मूळ रंगाला वीज एक-तृतीयांशच लागते. ‘फास्टएलईडी’ लायब्ररीला आपल्या पुरवठ्याचे व्होल्ट आणि मिलिअँपिअर सांगून ठेवले, तर ती मर्यादा ओलांडली जाणार असे दिसताच सर्व एलईडींचे तेज आपोआप कमी करते. ही सोय अवश्य वापरावी, पण तिच्यावर विसंबून अपुरा पुरवठा लावू नये. माहितीच्या तारेत गोंधळ झाला, तर पट्टी प्रोग्रामने न सांगितलेला पांढरा रंगही दाखवू शकते आणि त्या क्षणी लायब्ररीच्या हिशेबाचा काहीही उपयोग नसतो. एसएमपीएस आणि पट्टी यांच्यामध्ये योग्य क्षमतेचा फ्यूज लावणे हाच खरा बंदोबस्त आहे.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. सर्व एलईडी काळे केले तरी त्यांच्यातील चिप जाग्याच असतात आणि प्रत्येकी अर्धा ते एक मिलिअँपिअर घेत राहतात. म्हणून रात्री पट्टी प्रोग्रामने नव्हे, तर मुख्य बटणाने बंद करावी.

५. आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनवरून, मोबाइल चार्जरवरून किंवा पॉवर बँकेवरून पट्टी चालेल का?

उनोला यूएसबीने वीज दिली असेल, तर बोर्डावरील संरक्षक फ्यूज ५०० मिलिअँपिअरचा असतो. बोर्डाचा स्वतःचा खर्च वजा केल्यावर त्यात जेमतेम सात एलईडी पूर्ण पांढरे पेटतील. तेज खूप कमी ठेवल्यास अधिक. चाचणीपुरते ते ठीक आहे. बोर्डाच्या गोल सॉकेटमध्ये १२ व्होल्टचा ॲडॅप्टर लावून ५ व्होल्ट पिनवरून वीज घेणे मात्र टाळावे, कारण तेथील रेग्युलेटर उरलेले ७ व्होल्ट उष्णतेच्या रूपात जाळतो. अर्ध्या अँपिअरलाच ती उष्णता साडेतीन वॉट होते आणि त्या इवल्याशा भागाला ती झेपत नाही.

चार्जरवर ५ व्होल्ट, २ अँपिअर असे छापलेले असेल, तर ३० एलईडींपर्यंत तो चालतो. पॉवर बँकेची अडचण वेगळी आहे: वीज फार कमी घेतली जात असेल, तर फोन भरला असे समजून अनेक पॉवर बँका आपोआप बंद होतात. मंद तेजाचा कंदील पाच मिनिटांनी विझतो तो बहुधा यामुळेच.

ब्रेडबोर्डमधून पट्टीची मुख्य वीज कधीही नेऊ नये. त्याचे आतील चाप आणि बारीक जम्पर वायर एखाद्या अँपिअरच्या पुढे तापू लागतात.

६. जोडणीचा क्रम कोणता? आणि तो रेझिस्टर व कॅपॅसिटर खरोखर आवश्यक आहेत का?

जोडताना आधी ग्राउंड (ऋण तार), मग ५ व्होल्ट आणि शेवटी माहितीची तार जोडावी. सोडवताना याच्या उलट क्रम ठेवावा. एसएमपीएस, पट्टी आणि आर्डुइनो या तिघांचे ग्राउंड एकत्र जोडलेले असणे अनिवार्य आहे. माहितीच्या तारेवरील व्होल्ट ग्राउंडच्या संदर्भानेच मोजले जातात. तो संदर्भ समान नसेल, तर पट्टीला बोर्डाचे म्हणणे कळूच शकत नाही.

३०० ते ५०० ओहमचा रेझिस्टर माहितीच्या तारेत, पहिल्या एलईडीच्या शक्य तितक्या जवळ लावावा. तारेतील अचानक उसळणाऱ्या व्होल्टेजपासून तो पहिल्या चिपचे रक्षण करतो. १००० मायक्रोफॅरडचा, किमान ६.३ व्होल्टचा कॅपॅसिटर पट्टीच्या सुरुवातीला धन आणि ऋण तारांमध्ये लावावा. त्याची ऋण बाजू पट्ट्याने दाखवलेली असते आणि ती उलट लागता कामा नये. या दोन्हींशिवाय पट्टी पेटते हे खरे आहे, आणि म्हणूनच लोक ते गाळतात. पण पहिलाच एलईडी मेल्याच्या तक्रारी अशाच जोडण्यांमधून सर्वाधिक येतात, आणि हे दोन्ही भाग मिळून पट्टीच्या किमतीपुढे नगण्य असतात.

७. सर्व जोडले, तरी पट्टी पेटत नाही किंवा वाटेल तशी लुकलुकते. कोठून सुरुवात करू?

प्रोग्राम बाजूला ठेवून मल्टिमीटर हाती घ्यावा. पट्टीच्या तांब्याच्या ठिपक्यांवर ५ व्होल्टच्या आसपास वीज मिळते का, हे पुरवठा चालू असतानाच पाहावे. नंतर पट्टीवरील बाण पाहावा: माहिती बाणाच्या दिशेनेच जाते, आणि ‘डीआय’ (माहिती आत येण्याचे) लिहिलेल्या टोकाऐवजी ‘डीओ’ (बाहेर जाण्याचे) लिहिलेल्या टोकाला तार जोडली, तर काहीच पेटणार नाही. पट्टीला आलेल्या तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नये, कारण निरनिराळ्या कारखान्यांत ते निरनिराळे असतात. छापलेली अक्षरे वाचावीत.

तारेला हात लावल्यावर लुकलुकण्याची तऱ्हा बदलत असेल, तर ग्राउंडची जोडणी सुटली आहे किंवा माहितीची तार अधांतरी आहे, असे जवळजवळ खात्रीने समजावे. हे सर्व ठीक असेल तर निओपिक्सेल लायब्ररीतील ‘स्ट्रँडटेस्ट’ हे तयार उदाहरण चढवावे. त्यात पिन ६ आणि ६० एलईडी असे आधीच लिहिलेले आहे. तेवढे जुळवून घेतले की पुरे. ते चालले आणि आपला प्रोग्राम चालला नाही, तरच दोष प्रोग्राममध्ये शोधावा. बोर्ड उनोऐवजी ईएसपी३२ किंवा ईएसपी८२६६ असेल, तर प्रश्न १० आधी वाचावा.

८. लाल रंग सांगितला, तर हिरवा पेटतो. पट्टी खराब आहे का?

नाही. डब्ल्यूएस२८१२बी ला रंगांची माहिती हिरवा, लाल, निळा या क्रमाने लागते, तर इतर काही चिपना लाल, हिरवा, निळा अशी. लायब्ररीत पट्टीची ओळख करून देताना ‘जीआरबी’ आणि ‘आरजीबी’ यांतील योग्य पर्याय निवडावा.

९. पांढरा रंग लावला की पट्टीचे शेवटचे टोक पिवळट किंवा लालसर का दिसते?

पट्टीतील तांब्याचा थर अतिशय पातळ असतो आणि सगळ्या एलईडींची वीज त्यातूनच वाहते, म्हणून सुरुवातीला ५ असलेले व्होल्ट शेवटाकडे घटत जातात. निळ्या व हिरव्या दिव्याला पेटण्यासाठी सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि लाल दिव्याला सुमारे २. त्यामुळे व्होल्ट अपुरे पडले की निळा आधी मंदावतो, मग हिरवा, आणि लाल शेवटपर्यंत टिकतो. टोकाचा लालसरपणा म्हणजे एक प्रकारे पट्टीने स्वतःच दाखवलेले व्होल्टमीटरचे माप आहे.

उपाय म्हणजे एसएमपीएसपासून जाड तारांची दुसरी जोडी थेट पट्टीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ५ व्होल्ट आणि ग्राउंड दोन्ही तेथेही जोडणे. ५ मीटरच्या पट्टीला दोन्ही टोकांना आणि शक्य झाल्यास मध्यभागीही वीज द्यावी. १ स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड तार बहुतेक घरगुती कामांना पुरते. माहितीची तार मात्र एकाच टोकाला, सुरुवातीलाच जोडायची.

१०. तोच प्रोग्राम उनोवर चालतो, पण ईएसपी३२ वर पट्टी अधूनमधून बिघडते. असे का?

ईएसपी३२ आणि ईएसपी८२६६ यांच्या पिनवर ३.३ व्होल्ट येतात. डब्ल्यूएस२८१२बी च्या माहितीपत्रकानुसार ‘एक’ हा संकेत ओळखण्यासाठी पुरवठ्याच्या ७० टक्के व्होल्ट लागतात, म्हणजे ५ व्होल्टच्या पट्टीला ३.५. आपण त्या रेषेच्या किंचित खाली असतो. म्हणून टेबलावर आखूड तारेने चाललेली जोडणी मखरात लांब तार वापरताच बंद पडते, आणि माणूस दोन दिवस प्रोग्राम तपासत बसतो.

योग्य उपाय म्हणजे ७४एएचसीटी१२५ ही चिप ५ व्होल्टवर चालवून तिच्यातून माहितीची तार नेणे. नावातील ‘टी’ महत्त्वाचा आहे: ‘एचसीटी’ कुळातील चिप २ व्होल्टलाही ‘एक’ मानते, तर केवळ ‘एचसी’ लिहिलेली चिप पुन्हा साडेतीन व्होल्टच मागते. दुकानात ‘तेच आहे’ म्हणून ७४एचसी१२५ हातात ठेवली, तर नम्रपणे परत करावी. चार वाहिन्यांचे जे छोटे मॉसफेटचे लेव्हल शिफ्टर (संकेताचे व्होल्ट बदलणारे भाग) मिळतात, ते सेकंदाला ८ लाख बिटांच्या या वेगाला बहुधा पुरे पडत नाहीत.

चिप मिळाली नाही, तर एक जुनी युक्ती उपयोगी पडते. पट्टीचा पहिला एलईडी कापून वेगळा करावा आणि त्याला ५ व्होल्टची वीज १एन४००१ डायोडमधून द्यावी. त्याला सुमारे ४.३ व्होल्ट मिळतात, त्याची गरज ३ व्होल्टवर येते, आणि तो पुढे पाठवत असलेला ४.३ व्होल्टचा संकेत उरलेल्या पट्टीला स्पष्ट कळतो.

११. पट्टी हवी तेथे कापता येते का?

प्रत्येक दोन एलईडींच्या मधल्या तांब्याच्या ठिपक्यांवर, बरोबर मध्यभागी, कात्रीने कापता येते. कापलेले तुकडे पुन्हा जोडताना बाणांची दिशा एकच ठेवावी. ठिपक्यांवर आधी थोडे सोल्डर चढवून मग तार टेकवावी आणि आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये, नाहीतर तांबे पट्टीपासून सुटते. चिमट्याप्रमाणे बसणारे बिनसोल्डरचे कनेक्टर सोयीचे वाटतात, पण टांगलेल्या आणि वाऱ्याने हलणाऱ्या वस्तूत ते सैल होतात. कंदिलासाठी सोल्डरच करावे.

१२. मधला एक एलईडी बंद पडला आणि त्याच्या पुढचे सगळेच विझले. पूर्ण पट्टी बदलावी लागेल का?

नाही. प्रश्न १ मधील रांग आठवावी: परात एकाच्या हातात अडकली की पुढे कोणालाच मिळत नाही. दोष एकतर विझलेल्या पहिल्या एलईडीत असतो, किंवा त्याच्या अलीकडच्या पेटलेल्या एलईडीत, जो स्वतः पेटतो पण माहिती पुढे देत नाही. ही दुसरी शक्यता अनेकजण विसरतात. विझलेला एलईडी कापून काढावा आणि त्या जागी तीन तारांनी पट्टी सांधून पाहावी. पुढचे पेटले तर काम झाले, नाहीतर अलीकडचा एलईडीही काढावा. काढलेल्या जागी उरलेल्या पट्टीतील नवा तुकडा बसवला की एलईडींची संख्या पूर्ववत होते.

१३. एलईडींची संख्या वाढवली की उनो अचानक अडकतो. कंपाइल करताना (प्रोग्राम बोर्डाच्या भाषेत बदलताना) तर चूक दाखवत नाही.

उनोची कामकाजाची मेमरी केवळ २ किलोबाइट आहे आणि प्रत्येक एलईडीला ३ बाइट लागतात. ३०० एलईडींना ९०० आणि ५०० ना १५०० बाइट. उरलेल्या जागेत बाकी सगळे बसवावे लागते. निओपिक्सेल लायब्ररी ही जागा प्रोग्राम सुरू झाल्यावर मागते, म्हणून कंपाइल झाल्यावर दिसणाऱ्या मेमरीच्या आकड्यात ती धरलेलीच नसते. तो आकडा पाहून निश्चिंत होऊ नये. ३००-४०० एलईडींच्या पुढे ईएसपी३२ कडे वळणे शहाणपणाचे.

१४. नक्षी चालू असताना बटण किंवा टीव्हीसारखा रिमोट प्रतिसाद देत नाही. काय करावे?

बटणाचे कारण बहुधा ‘डिले’ (ठरावीक वेळ थांबण्याची आज्ञा) असते: प्रोग्राम थांबलेला असताना बटणाकडे कोणीच पाहत नसते. ‘मिलिस’ने (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणाऱ्या आज्ञेने) वेळ मोजून नक्षी पुढे सरकवावी, म्हणजे मधल्या वेळात बटण तपासता येते.

रिमोटचे कारण अधिक खोल आहे. एका एलईडीची माहिती पाठवायला ३० मायक्रोसेकंद लागतात, आणि त्या काळात वेळेत तसूभरही फरक पडू नये म्हणून उनोवर लायब्ररी सर्व इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवून बोर्डाचे लक्ष वेधणारे संकेत) बंद ठेवते. ३०० एलईडींना हे ९ मिलिसेकंद होतात; त्या अवधीत आलेला रिमोटचा संकेत हुकतो, सर्व्हो मोटर थरथरते आणि निओपिक्सेल वापरताना ‘मिलिस’चे घड्याळही मागे पडते. रंग बदलला असेल तेव्हाच माहिती पाठवावी, किंवा संकेत पूर्ण येईपर्यंत पाठवणे थांबवावे. ईएसपी३२ मध्ये हे काम वेगळे हार्डवेअर करते. घड्याळाची स्वतंत्र तार असलेल्या एपीए१०२ पट्टीत वेळेचे हे बंधनच नसते, पण ती महाग पडते.

१५. दोन एसएमपीएस एकत्र वापरता येतील का? आणि यूएसबी लावलेली असताना?

दोन एसएमपीएसच्या ५ व्होल्टच्या तारा एकमेकींना जोडू नयेत; व्होल्टमध्ये किंचित फरक असला तरी एकावर सगळा भार येतो. पट्टीचे दोन भाग करावेत, सांध्यावर केवळ ५ व्होल्टची जोडणी तोडावी, ग्राउंड आणि माहिती अखंड ठेवावी, आणि प्रत्येक भागाला आपापला एसएमपीएस द्यावा.

उनोच्या ५ व्होल्ट पिनला एसएमपीएसची वीज दिली असेल, तर प्रोग्राम चढवण्यासाठी यूएसबी लावण्यापूर्वी ती एक तार काढावी. त्या पिनवर कोणतेही संरक्षण नसते आणि वीज उलट संगणकाकडे जाऊ शकते. ग्राउंड जोडलेलाच राहू द्यावा.

१६. कंदील बाहेर टांगायचा आहे. कोणती काळजी घ्यावी?

आयपी हा धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा: आयपी३० म्हणजे उघडी पट्टी, आयपी६५ म्हणजे वरून सिलिकॉनचा थर, आयपी६७ म्हणजे सिलिकॉनची नळी. पट्टी कोणतीही असली तरी कापलेली टोके उघडी पडतात; ती सिलिकॉन सीलंट आणि हीट श्रिंकने बंद करावीत. एसएमपीएस पाण्यापासून सुरक्षित नसतो. त्याच्या स्क्रूंवर २३० व्होल्ट उघडे असतात, म्हणून तो झाकणाच्या पेटीत, घराच्या आत ठेवावा, त्याची अर्थिंग जोडावी आणि बाहेर केवळ ५ व्होल्टच्या तारा न्याव्यात. २३० व्होल्टची बाजू मुलांनी एकट्याने जोडू नये; हे काम वायरमनकडून करून घेण्यात कमीपणा नाही.

बंद कागदी कंदिलात ६० एलईडींच्या एका मीटरची (३.६ अँपिअर × ५ व्होल्ट) १८ वॉटची उष्णता कोंडते. तेज ३० टक्क्यांच्या आसपास ठेवले तरी अंधारात डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाही, आणि पट्टी व कागद दोन्ही सुरक्षित राहतात.

१७. उत्सव संपल्यावर पट्टी कशी ठेवावी?

मूळ रिळावर किंवा रुंद डब्यावर सैल गुंडाळून, कोरड्या जागी ठेवावी. घडी घातल्यास सोल्डरचे सांधे तडकतात. ठेवण्यापूर्वी तिच्या टोकाला कागदी टेप लावून व्होल्ट, चिपचे नाव आणि एलईडींची संख्या शाईने लिहावी. एका वर्षी हे लिहायचे राहून गेले आणि पुढच्या गणपतीत मी ५ व्होल्टच्या पट्टीला १२ व्होल्टचा ॲडॅप्टर जोडला. ६० च्या ६० एलईडी एका क्षणात गेले, आणि मखर त्या रात्री समईच्या उजेडात राहिले.